डावा तळहात

शिवकन्या हातात काम घेतलं की कुठेतरी निघून जायची. शरीर इथेच असायचं, बाकीची ती कुठे जायची हे चाकुरात कोणालाच कळलं नव्हतं. कापडाच्या दुकानात लावून दिली, तर कापड मोजता मोजता अशी हरवली की एक बाई परकराच्या पैशात चादरीएवढं कापड घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ती बाई परत आली, चूक सांगायला नव्हे, जावेला सोबत घेऊन. संगणकाच्या क्लासात पडद्यावरचा निळा रंग बघत बसायची. सर म्हणायचे, "बाळ, बटण दाब." ती म्हणायची, "हाव सर." आणि निळ्या रंगात आणखी थोडी आत जायची.

"हिच्या अंगात येत असतं तरी बरं झालं असतं," तिची आत्या नीलाबाई म्हणायची. "चार बाया नारळ तरी घेऊन आल्या असत्या. ही नुसतीच जाती."

नीलाबाईचं बाजारात दुकान होतं. विभूती, कापूर, रुद्राक्ष, उदबत्त्या, आणि कुठल्याही विषयावर तिचं मत. विधवा झाली तेव्हापासून ती त्या दुकानात उभी होती. उभीच, स्टूल होतं, पण त्यावर गिऱ्हाईक बसायचं. गल्लीत कोणाची वाटी कोणाच्या घरी किती दिवस अडकून आहे, हे तिला त्या घरच्या बाईआधी ठाऊक असायचं. शिवकन्याची आई गेली तेव्हा भावाची ही पोर तिनं आपल्या घरी आणली, आणि त्या उपकाराचा उच्चार तिनं कधीही केला नाही. सणवार सोडून.

एकदा लातूरच्या उमादेवी तिच्या दुकानात भीमसेनी कापूर घ्यायला आल्या. औसा रोडला औषधाच्या दुकानाच्या वर त्या मालिश शिकवायच्या. मुलींची बॅच वेगळी होती. कापूर पुडीत बांधायला शिवकन्याला इतका वेळ लागला की नीलाबाई शरमेनं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. पण उमादेवी त्या पोरीच्या बोटांकडे बघत राहिल्या. ती पुडी बांधत नव्हती, कागदाला समजावत होती.

"ही पोर माझ्याकडे पाठवा," त्या म्हणाल्या.

"चोळायला?" नीलाबाई म्हणाली. "आमच्यात कोण दुसऱ्याचं अंग चोळत न्हाई ताई."

"शिकली तर नांदेडला नोकरी आहे. तिथल्या मालिश केंद्राच्या आरती मॅडम दर बॅचमधून एक मुलगी घेतात."

नीलाबाईनं कापराचा एक खडा परत बरणीत टाकला, म्हणजे ती विचार करत होती. मग पोरीला म्हणाली, "हे बी जमलं न्हाई तर बास. मग माझ्याजागी उभं राहायचं, आन् मरेपर्यंत विभूती विकायची. पुन्हा कुठं जायचं नाव काढायचं न्हाई."

शिवकन्या 'हाव' म्हणाली. पण या वेळी ती पूर्णपणे तिथेच होती.

*

त्या खोलीला हिरवे पडदे होते. दुपारचं ऊन त्यातून आत आलं की खोली विहिरीच्या तळासारखी व्हायची. वाटीतल्या तिळाच्या तेलाचा वास, खाली औसा रोडचे हॉर्न पाण्यावरून यावेत तसे मऊ होऊन येणारे, आणि टेबलावर पालथं पडलेलं कोणीतरी, तोंड टेबलाच्या उशाकडच्या गोल भोकात घातलेलं. शिवकन्याचा हात पाठीवर टेकायचा आणि ती निघायची. पण इथे गंमत अशी होती की ती जाई तिकडेच काम असे. पाठ म्हणजे नांगरून पडलेलं काळं रान. मधून कण्याचा दांड गेलेला. एका खांद्याशी ढेकूळ. ती त्या ढेकळापाशी उकिडवी बसायची, घाई न करता, आणि थोड्या वेळानं ते आपलं आपण विरघळायचं. परत येई तेव्हा टेबलावरचं माणूस झोपलेलं असे.

उमादेवींचं शिकवणं मात्र अजिबात स्वप्नाळू नव्हतं. "नखं. दाखवा नखं. ही काय कोंबडीची नखं आहेत? काप. तेल आधी आपल्या मनगटावर, मग त्यांच्या पाठीवर. अंगाला हात लावायच्या आधी विचारायचं, दरवेळी विचारायचं, सख्ख्या आईला सुद्धा. ताप असेल, पाय सुजला असेल, शीर फुगलेली असेल, तर हात जोडायचे आणि डॉक्टरकडे पाठवायचं. आपण देव नाही आणि डॉक्टरही नाही. एकदा हात टेकला की एक तरी हात अंगावर राहिलाच पाहिजे. दोन्ही उचलले की माणसाला वाटतं, आपल्याला टाकून गेले."

आणि शेवटचा नियम: "हात लागला की माणूस झोपेत बोलायला लागतं. ते बोलणं तेलात पडलं पाहिजे. गावात नाही."

सरावाला माणसं लागायची. फुकट मालिश आहे म्हटल्यावर चाकूरच्या त्या गल्लीत अचानक अशी दुखणी निघाली की गल्ली आजवर चालत कशी होती, असा प्रश्न पडावा. सगळ्यात पुढे शेजारची साखराबाई. ती टेबलावर पडल्या पडल्या घोरायची, आणि उठली की म्हणायची, "मी जागीच होते हं." सगळ्याच म्हणायच्या. जागं राहिलेल्या बाईनं मात्र असं कधी सांगितलं नाही.

हदगावहून आलेली ऋतुजा शिवकन्याच्या शेजारच्या टेबलावर शिकायची. शेतकऱ्याची पोर, मनगटं भक्कम, तोंड त्याहून. "तुझ्या टेबलावर बाया झोपतेत आन् माझ्या टेबलावर ओरडतेत," ती म्हणायची. "पण उठल्यावर माझ्या बाया तरातरा चालतेत. तुझ्या जिना उतरताना बी पेंगतेत."

एके दिवशी उमादेवी स्वतः टेबलावर पालथ्या पडल्या. ही त्यांची जुनी रीत होती. डोळे बंद, एकेका पोरीनं यायचं, न बोलता काम करायचं, आणि हातावरून त्या पोर ओळखायच्या. शिवकन्याला त्यांनी पहिल्याच टेकण्यात ओळखलं. पाठ झाली. शिवकन्या गुडघ्याच्या खाली गेली.

"थांब," भोकातून आवाज आला. "तुझा डावा हात कुठाय?"

"इथंच हाय ताई."

"नाही. उजवा आहे. डावा नुसता पाहुण्यासारखा बसलाय, पाय वर घेऊन." त्या उठून बसल्या. "पाठीवर दोन्ही होते. पायाशी आली आणि एक गळाला. पडली होतीस का लहानपणी?"

शिवकन्यानं हाताकडे पाहिलं. तिला खरोखरच काही माहीत नव्हतं. तो हात तिथे पोटरीच्या वर बोटभर अंतरावर तरंगत होता, पाखरू खाली उतरायचं विसरावं तसा.

*

कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, घरी.

अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ती रोजच्यासारखी पूजेला बसली. लिंगायतांच्या रीतीनं गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढलं, डाव्या तळहातावर ठेवलं. उजव्या हातानं पाणी, विभूती, बेलाचं पान. नजर लिंगावर. समोर नीलाबाई आपल्या तळहातावर आपलं लिंग घेऊन बसलेली. आणि शिवकन्या निघाली, मागे मागे, परकर-पोलक्यातल्या दिवसात, जिथे तिनं डाव्या हातानं चप्पल उचलली होती आणि त्या हातावर एक सणसणीत चापट बसली होती. "तो हात त्याचा हाय! पायाजवळ न्यायचा न्हाई."

चापट डोक्यातून पुसली गेली होती. हाताच्या लक्षात होती.

तसं पाहिलं तर हा नियम कुठल्या पोथीत नव्हता, शेजारच्या शिवप्पांच्या घरी नव्हता, मठातही नव्हता. तो नीलाबाईच्या घरातला होता. पण त्या घरात वाढलेल्याला पोथीपेक्षा तो जवळचा.

तिनं लातूरला जाऊन सांगितलं. उमादेवी स्वतः उदगीरच्या, गळ्यात लिंग असलेल्या; त्या हसल्या नाहीत. ऋतुजा मात्र चहाचा कप खाली ठेवून विचारात पडली.

"एक इचारू? रागवू नको. सगळी दुनिया डाव्या हातानं धुती. मग तू सकाळी..."

"ऋतुजा!"

"अगं इचारून राहिले! शिकायला आलो ना आपण?"

"ते... डाव्यानंच," शिवकन्या कपात बघत म्हणाली. "मग माती लावून, साबणानं धुवायचा. पाण्यानं सगळं जातं."

"झालं की मग!" ऋतुजानं मांडीवर थाप मारली. "त्याला चालतं, मग पायालाच का चालंना? पाय काय त्याच्याहून वाईट हायत व्हय?"

शिवकन्याला ते लगेच पटलं. दुपारी ती साखराबाईच्या पायाशी उभी राहिली, पटलेली सगळी गोष्ट घेऊन, आणि डावा हात पुन्हा बोटभर वर थांबला. डोक्याला पटलं होतं. हाताला कोणी विचारलंच नव्हतं. ढकलला तर टेकायचा, पण लाकडासारखा; आणि साखराबाई, जी कशानंही उठत नसे, ती जागी होऊन म्हणाली, "काय टोचलं गं?"

"परीक्षेला आरती मॅडम पायच बघतात," उमादेवी हळूच म्हणाल्या. "नांदेडला येणाऱ्या बाया दिवसभर उभ्या राहिलेल्या असतात. एका हातानं चालणार नाही, बाळ. आणि मी तुला जबरदस्ती पण करणार नाही. तो हात तुझा आहे."

'तो हात त्याचा हाय' आणि 'तो हात तुझा आहे' यांच्यामध्ये शिवकन्या परीक्षेपर्यंत राहिली. स्वप्नात तिला पाय दिसायचे. पाण्यावर तरंगणारे, दिव्यांसारखे पुढे पुढे जाणारे, आणि ती काठावर उजवाच हात पुढे करून.

*

परीक्षेला प्रत्येकीनं आपलं माणूस आणायचं होतं. शिवकन्याचं माणूस साखराबाई. नीलाबाईनंही दुकान बंद ठेवलं. पोर कुठल्या कामाला जाती ते एकदा डोळ्यानं बघावं म्हणून. आणि चाकूरच्या स्टँडवर साखराबाईचा निरोप आला, की जावयाकडचे पाहुणे अचानक आलेत.

"पाहुणे!" नीलाबाई म्हणाली. "तिच्या घरी पाहुणे आलेले कळले तर तीच शेजारी जाऊन बसती. कालच भजी जास्त खाल्लेली दिसती."

लातूरला हिरव्या खोलीत आरती मॅडम आधीच बसल्या होत्या. बारीक, चष्मा, आवाज इतका हळू की सगळ्या ऐकायला पुढे वाकायच्या. माणूस नसेल तर परीक्षा नाही, त्या म्हणाल्या, रागानं नव्हे, वेळापत्रक सांगावं तसं.

शिवकन्यानं आत्याकडे पाहिलं. आत्यानं भिंतीकडे पाहिलं. मग पदर कमरेला खोचून नीलाबाई टेबलाकडे निघाली, जशी माल उतरवायला निघायची. "पाठ धर फक्त," ती कुजबुजली. "पायाला हात लावायचा न्हाई. सांगून ठेवती."

"परीक्षेत पाय आहेतच, काकू," आरती मॅडम म्हणाल्या.

"ते बघू."

गळ्यातलं काढून ठेवायचं होतं. तो नियमच होता. मंगळसूत्रं, साखळ्या, सगळ्यांच्या बाया उतरवून वाटीत ठेवत होत्या. नीलाबाईनं छातीवरची डबी मुठीत धरली आणि आरती मॅडमकडे असं पाहिलं की त्या चष्मा पुसायला लागल्या. पालथं पडलं तर डबी छातीत रुतणार. शिवकन्यानं दोरा तसाच गळ्यात ठेवला, डबी बाजूला सरकवली आणि आत्याच्याच डाव्या मुठीत दिली. "धर. सोडू नको."

"मी कशाला सोडती," नीलाबाई म्हणाली आणि तिचं तोंड त्या भोकात गेलं.

शिवकन्यानं तेल मनगटावर घेतलं. कोमट होतं. "पाठीला हात लावू का आत्या?"

जन्मभरात त्यांच्या घरात कोणी कोणाला असं विचारलं नव्हतं. भोकातून आवाज आला, "लाव की."

तिनं हात टेकवला आणि निघाली. ही पाठ तिनं लहानपणापासून पाहिली होती. कायम उभी, कायम दुसऱ्या दिशेला काहीतरी करत असलेली. आता ती आडवी होती, आणि एवढी मोठी नव्हती. हे रान कोणी कधी नांगरलंच नव्हतं. खांद्याखाली दगडाचे बांध, एकावर एक रचलेले. ती एकेका बांधावर बसली. हिरवं पाणी वर चढत गेलं. हॉर्न लांब गेले. शेजारच्या टेबलावर ऋतुजाची बाई "आई गं" म्हणाली, तेही लांबून.

"वरच्या फळीवर हाय," नीलाबाई पुटपुटली. "बारीक रुद्राक्ष... वरच्या."

मग आणखी काहीतरी म्हणाली. ते दुकानाविषयी नव्हतं. ते ऐकून शिवकन्याचे हात क्षणभर जड झाले आणि पुन्हा चालू लागले. ते बोलणं तेलात पडलं आणि तिथेच राहिलं.

पाठ झाली. आत्या पेंगतच, मूठ न सोडता, उताणी वळली, आणि आरती मॅडम खुर्ची सरकवून पायाच्या बाजूला येऊन बसल्या.

एक हात खांद्यावर टेकलेला ठेवून शिवकन्यानं विचारलं, "आत्या, पायाला हात लावू?"

श्वास वर गेला, खाली आला. "इचारतेस काय सारखं," झोपेच्या तळाशी बसून नीलाबाई म्हणाली. "लाव."

चादर बाजूला झाली. शिवकन्यानं आत्याचे तळपाय असे कधी पाहिलेच नव्हते. ते कायम जमिनीकडे तोंड करून असायचे. टाचांना भेगा, भेगांत विभूतीची राखाडी रेघ बसलेली. धुऊन न जाणारी. जन्मभर सांडलेली विभूती, गिऱ्हाइकांच्या कपाळाला न लागलेली, ती सगळी इथे येऊन थांबली होती.

डावा हात बोटभर वर थांबला. आरती मॅडमनी मान किंचित कलती केली; त्यांना दिसलं होतं. पलीकडे उमादेवींनी डोळे मिटले.

शिवकन्यानं हाताला ढकललं नाही. ती त्या टाचेकडे बघत राहिली, जशी निळ्या पडद्याकडे बघायची. हिरव्या उजेडात, तेलाच्या एका थेंबाखाली, ती टाच हळूहळू टाच राहिली नाही. गोल होती. राखाडी. विभूती लावलेली. आणि या हाताला जगात एकच काम अगदी चांगलं येत होतं. चोळणं नाही, दाबणं नाही. गोल, जड, विभूती लावलेली एक गोष्ट तळव्यात घ्यायची आणि पडू द्यायची नाही.

डावा हात उताणा झाला. खालून गेला. टाच त्यात बसली, जशी रोज सकाळी काहीतरी बसायचं. उजवा हात वरून आला, अंगठ्यानं तळव्यावरून हळू, पाणी घालावं तसा. तिची नजर तिथून हलली नाही. ती कुठेही गेली नाही. पहिल्यांदाच जायला दुसरी जागा उरली नव्हती.

नीलाबाईच्या डाव्या मुठीची बोटं एकेक करून सैल झाली. डबी उघड्या तळहातावर राहिली, दोऱ्याला धरून.

वेळ संपल्याची घंटी वाजली तेव्हा एकच पाय झाला होता.

*

"हे कुणी शिकवलं?" आरती मॅडमनी विचारलं. शिवकन्याला सांगता येईना. मॅडम उमादेवींकडे वळल्या. त्यांनी 'मी नाही' म्हणून मान हलवली. "एका पायाला एवढा वेळ लावलास तर माझ्याकडे रांग जिन्यावर जाईल," मॅडम त्याच हळू आवाजात म्हणाल्या. "वेग वाढवावा लागेल." मग चष्मा काढून त्यांनी टेबलाकडे पाहिलं, जिथून नीलाबाईचं घोरणं येत होतं. "पण ये. पुढच्या सोमवारी."

ऋतुजानं शिवकन्याच्या पाठीत धपका घातला. तिच्या मनातही नांदेड होतं. म्हणून धपका जरा जोरात बसला. "जा. मी औंढ्याच्या बाजूला माझंच दुकान टाकते. ओरडायचं असंल त्यांनी माझ्याकडं यायचं, झोपायचं असंल त्यांनी तुझ्याकडं."

नीलाबाई उठली, पदर सारखा केला, डबी छातीवर घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी जागीच होते हं."

कोणी हसलं नाही. आरती मॅडमसुद्धा नाही, पण त्यांना पुन्हा चष्मा पुसावा लागला.

परतीची एसटी निम्मी रिकामी होती. खिडकीतून सोयाबीनची रानं पिवळ्या उन्हात पोहत मागे जात होती. नीलाबाई तिकिटाची घडी घालत बसली होती, आणि शिवकन्याला एकच गोष्ट बोचत होती. जागी होती म्हणाली. म्हणजे सगळं कळलं असणार. कुठला हात, कुठे.

"हात धुतलास?" नीलाबाईनं खिडकीकडे बघत विचारलं.

"हाव."

"साबणानं?"

"हाव आत्या."

"बरं." एक गाव गेलं. "नांदेडला पाणी बरं हाय म्हणतेत. गोदावरीचं." आणखी एक गाव गेलं. "पूजा तिथं बी सोडायची न्हाई."

"न्हाई सोडत."

नीलाबाईनं चप्पल काढली. इकडे तिकडे पाहिलं. कंडक्टर पुढे ड्रायव्हरशी बोलत होता. मग तिनं उजवा पाय उचलून शिवकन्याच्या मांडीवर ठेवला, दुकानात एखादा डबा फळीवर ठेवावा तसा, ठामपणे.

"हा राहिलाय," ती म्हणाली. "सोमवारच्या आधी एवढा उरकून टाक. एक पाय हलका आन् एक जड घेऊन मला चालता येईना झालंय."

शिवकन्यानं डावा तळहात उताणा केला. बस एका वळणावर कलंडली आणि टाच आपोआप त्यात येऊन बसली.